रागाची बाज

आमच्या घरात कोणालाही सहजासहजी राग येत नाही. तो कायम आलेलाच असतो.

माझे आजोबा विहिरीवर रागावून दुसरी विहीर खणायला निघाले होते, असं म्हणतात. माझी आई भाताला उशिरा उकळी आली म्हणून चुलीशी भांडते. मी डहाणूत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि एखादी मोटार सुरू होईना की तिला लाथ घालतो. (मोटारीला काही होत नाही. मी मात्र लंगडत आमच्या गावी, चिखल्याला, घरी येतो.) अशा घरात आमची जुई जन्मली आणि साडेचार वर्षांची होताच बालवाडीत एका मुलाच्या दंडाला कडकडून चावली!

पालघर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. माणसं आधीच कागदपत्रांच्या फेऱ्यांनी वैतागलेली, त्यात मला बालवाडीतून बोलावणं. मी भांडायच्या तयारीने गेलो. पण तिथल्या ताई अगदी शांतपणे म्हणाल्या, "दादा, राग येणं वाईट नाही. रागात चावणं वाईट. तिला 'मला राग आला' असं तोंडाने म्हणायला शिकवा. घरात एक जागा ठरवा. राग आला की तिथे बसायचं, शांत झालं की उठायचं. आणि हे मोठ्यांनीही करायचं हं. मुलं सांगितलेलं ऐकत नाहीत, बघितलेलं करतात."

मी घरी आलो आणि फर्मान काढलं. मागच्या वाडीत चिकूच्या झाडाखाली आमची जुनी बाज असते, ती आजपासून रागाची बाज! ज्याला राग येईल त्याने तिथे जाऊन बसायचं. आणि बसलेल्याला कोणीही हाक मारायची नाही.

"म्हणजे मी दिवसभर तिथेच बसू? मग भाकऱ्या कोण थापणार?" आई म्हणाली.

"बघ, तुला आत्ताच राग आला. जा, बस."

"मला नाय राग आला!"

"आजी, तू ओरडलीस," जुई म्हणाली आणि आजीला हाताला धरून बाजेवर बसवून आली.

त्या दिवसापासून आमच्या घरात फौजदाराची नेमणूक झाली. मीठ जास्त पडलं म्हणून मी ताट सरकवलं, की जुई बोट दाखवायची, "बाबा, बाजेवर." वैशाली, म्हणजे माझी बायको, नळावर कोणा बाईशी भांडून आली, की "आई, बाजेवर." कधी कधी बाजेवर आधीच कोणीतरी असायचं आणि दुसऱ्याला नंबर लावून उभं राहावं लागायचं. एकदा आई तिथे बसलेली असताना मी तिला चहाला हाक मारली नाही म्हणून ती चिडली. दुसऱ्या वेळी तिने मला जेवायला हाक मारली म्हणून मी तिच्यावर खेकसलो, "नियम म्हणजे नियम! बसलेल्याला हाक मारायची नाही!" तिने ते मनात ठेवलं. माझी आई काहीही विसरत नाही, हे मी विसरलो.

मग आली वैशालीच्या भावाची हळद. तिचं माहेर तलासरीकडे, झरीला. थोरल्या बहिणीने पहिली हळद लावायची, म्हणजे वैशालीशिवाय कार्यच सुरू होणार नव्हतं. आहेर म्हणून आम्ही लोखंडी कपाट घेतलं होतं. ते न्यायला जयेशचा टेम्पो ठरवला. जयेश उंबरगावचा. अर्धा गुजराती, अर्धा मराठी आणि पूर्ण उशिरा!

"नऊ म्हणाला होतास ना रे?" मी गेटातच ओरडलो.

"अरे भाई, टेन्शन नको लो ने! कपाट उभा ठेवूया."

"आडवं ठेव! उभं पडेल," आई म्हणाली.

"आडवा ठेवला तर तुम्ही कुठे बसणार, मासी? कपाटात?"

आईने पदर खोचला. जयेशने हॉर्न वाजवला. (कारण नसताना. त्यालाही राग व्यक्त करायचा होता.) आतून वैशाली साडीची पिन तोंडात धरून ओरडत होती, "माझ्या माहेरचं कार्य असलं की यांच्या पायात मेण ओततं कोणीतरी! तुमच्या आत्याच्या बारशाला कसे पहाटेच निघाला होतात?"

"आत्याचं बारसं? माझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?"

"तेच! त्या घराण्यासाठी तुम्ही जन्माआधी निघाल!"

या गदारोळात जुई आली. नवा परकर-पोलका, डोक्याला गजरा आणि ओंजळीत कोंबडीचं पिल्लू.

"हे मी मामाला देणार."

"अजिबात नाही!"

"मामाला पिल्लू आवडतं."

"नाही म्हणजे नाही! ठेव ते खाली!" मी इतक्या जोरात ओरडलो की ओट्यावरचा कुत्रा उठून शेजाऱ्यांकडे गेला.

जुईचा ओठ थरथरला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात घाईघाईने मागे घेतला, कारण दातांची ती तयारी माझ्या ओळखीची होती. पण ती चावली नाही! तिने मोठा श्वास घेतला, "मला राग आला," असं स्पष्ट म्हणाली, पिल्लू पोटाशी धरलं आणि चालत मागच्या वाडीत गेली.

माझी छाती फुगली. "वैशाली! बघितलंस का? आई, बघ! पोर शिकली! चावली नाही, ओरडली नाही. याला म्हणतात संस्कार!"

"आधी कपाट धरा!" जयेश किंचाळला, कारण कपाट कलंडत होतं.

मी धावलो. कपाट उभं केलं, दोरीने बांधलं. वैशाली पुढे जयेशजवळ बसली. मी आणि आई मागे, कपाटाला मिठी मारून. टेम्पो निघाला. संस्कारांचं कौतुक सांगायला शब्द जुळवत जुळवत मी घोलवड ओलांडलं.

बोर्डीच्या पुढे कपाटाचं दार उघडून माझ्या कपाळावर आदळलं. जयेशने टेम्पो थांबवला. वैशाली बिस्किटाचा पुडा घेऊन मागे आली.

"जुईला द्या. सकाळपासून काही खाल्लं नाही तिने."

"तुझ्याजवळ आहे ना ती?"

"माझ्याजवळ? तुमच्याजवळ आहे ना?"

आम्ही दोघांनी कपाटात पाहिलं. खरंच पाहिलं!

"ती बाजेवर आहे," आई म्हणाली.

"काय?"

"बाजेवर बसलीय. निघताना मी बघितलं तिला."

"बघितलंस? मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, बसलेल्याला हाक मारायची नाही! मी म्हटलं, नियम करणारा आणील उठवून."

वैशालीने शेजारच्या काकूंना फोन लावला. तो वाजत राहिला. आमच्या वाडीतल्या विहिरीला कठडा नाही. पावसाळ्याआधी बांधू, असं मी दर वर्षी म्हणायचो.

"जयेश, फिरव!"

जयेशने टेम्पो फिरवला. येताना उशीर करणारा तो माणूस त्या दिवशी असा सुटला की कपाटाचा एक पाय रस्त्यातच गळाला. कोणी मागे वळून पाहिलं नाही. आई देवाला नारळ बोलत होती आणि मध्येच मला शिव्या देत होती. कोणता शब्द कोणासाठी ते कळत नव्हतं.

टेम्पो थांबायच्या आत मी उडी मारली. जुई बाजेवरच होती. गालावर सुकलेल्या पाण्याचे ओघळ, मांडीत झोपलेलं पिल्लू.

आणि मी काय केलं असेल? जवळ घेतलं? छे!

"टेम्पोत येऊन बसता येत नव्हतं का तुला?" मी गरजलो.

"माझा राग जात होता," ती म्हणाली. "मग टेम्पोच गेला. मग मी रडले. मग परत राग आला." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाबा, तुला राग आला?"

"मला! राग! आलेला! नाही!" प्रत्येक शब्दाला झाडावरचा एकेक कावळा उडाला.

वैशाली मागून धापा टाकत आली. तिने जुईला उचलून घट्ट धरलं आणि म्हणाली, "राग नाही गं आला त्याला. बाबा खूप घाबरला होता. मीसुद्धा."

जुईने माझ्याकडे पाहिलं. "घाबरलं की कुठे बसायचं?"

याचा नियम मी केलाच नव्हता. आमच्या घराण्यात घाबरल्याचं आजवर कोणी कबूलच केलं नव्हतं. घाबरलो की आम्ही ओरडतो, दमलो की ओरडतो, वाईट वाटलं की ओरडतो. सगळ्याला नाव एकच, राग! मी खाली बसलो. जुई आईच्या कडेवरून उतरली, माझ्या मांडीत शिरली आणि माझ्या पाठीवर थापट्या मारू लागली.

"मी घाबरलो होतो," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. "आता मामाकडे जाऊ. पिल्लू पण."

पिल्लू पण. कोणाची हिंमत होती नाही म्हणायची!

झरीला पोचलो तेव्हा मांडवात हळद वाटून कोरडी पडत आली होती आणि नवरदेव पाटावर डुलक्या घेत होता. सगळं गाव वैशालीसाठी थांबलेलं. सासूबाई माझ्या दिशेने चालत आल्या. डोळ्यांत जाळ! पण भर मांडवात, पाहुण्यांसमोर, जावयाला बोलणार कशा? त्या हसल्या. "या हो जावईबापू," म्हणाल्या, हळदीच्या वाटीत हात बुडवला आणि मनातला सगळा राग एकवटून तो माझ्या गालावर असा लावला की माझं तोंड आपोआप नवरदेवाकडे वळलं.

संध्याकाळी वैशालीचे चुलते मला निरखत कौतुकाने म्हणाले, "हळद नवऱ्याला लागली, पण चेहऱ्यावर तेज बघा जावयाच्या!"

तेज कसलं, सासूबाईंची पाचही बोटं होती ती!