न विचारता चालणारा प्रोग्राम

चिकपेटेतल्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर माझे मामा भांड्यांवर नावं घालायला बसत. तरुणपणी बेळगावाकडून आले, त्या पायरीवर बसले आणि तिथेच म्हातारे झाले. छिन्नी आणि छोटी हातोडी, ठिपक्याला ठिपका लावत नेणं, एवढीच त्यांची विद्या. त्या दिवशी मी नवा जेवणाचा डबा घेऊन गेलो आणि म्हटलं, "मामा, माझं नाव घाला." त्यांनी छिन्नी टेकवली, हातोडी उचलली आणि पहिल्याच अक्षराचा काना वाकडातिकडा होत झाकणाच्या कडेपर्यंत गेला. मी हबकून त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. हात थरथरत होता, आणि तो थांबवायला त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर तोही थरथरत होता.

"काय बघूलायस?" मामा म्हणाले. "सहा महिने झाले."

सहा महिने! मी त्याच शहरात, दर महिन्याला भेटणारा, आणि मला पत्ता नाही. दुकानाच्या मालकाला मात्र होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णांना सांगा, स्वल्प जपून. गिऱ्हाइकं कुरकुरतात. पलीकडच्या गल्लीत विजेच्या पेनने नावं घालणारा एक जण आहे, तो या पायरीवर बसायला एका पायावर तयार आहे." पायरी गेली असती तर मामा उपाशी राहिले असते असं नाही, पण त्यांना दुसरी ओळख नव्हती. रस्त्याने जाताना लोक त्यांना 'नाववाले अण्णा' म्हणत.

मी एका यंत्रांच्या कारखान्यात विजेची दुरुस्ती बघत असे. तिथे संगणकावर चालणारी, धातू कापणारी मोठी सीएनसी यंत्रं होती. एकेकाची किंमत ऐकली की घर बांधायचा बेत माणूस मुकाट्याने मागे घेईल. पण तत्त्व एकच: मोटरी हत्याराला आडवं-उभं नेतात आणि संगणक सांगतो कुठे थांबायचं. मी मामांना भर रस्त्यात वचन देऊन टाकलं की तुमची अक्षरं काढणारं यंत्र मी घरी बनवतो. घाई ही माझी जुनी खोड.

आधी मोटरींचा प्रश्न. सर्वो मोटर आपण कुठवर आलो ते उलट कळवते. स्टेपर मोटर सांगाल तेवढी पावलं टाकते आणि उभी राहते. सर्वोचा भाव विचारला आणि दुकानदाराने जो आकडा सांगितला तो मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला, कारण पहिल्यांदा मला वाटलं तो थट्टा करतोय. म्हणजे स्टेपर. एस. पी. रोडवर मोडीत निघालेल्या प्रिंटरांचे ढीग असत. त्यातून मी तीन मोटरी उपटून आणल्या. कुठल्या तारेला काय लावायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते मीटर लावून शोधण्यात दोन रविवार गेले.

मग मोटरींना वीज देणारा बोर्ड. दुकानात तयार मिळत होता. मी नाक मुरडलं. चार-आठ ट्रान्झिस्टर आणि थोडी अक्कल, त्याला तयार बोर्ड कशाला? घरी जोडला आणि जुन्या बाजारातून आणलेल्या संगणकाच्या प्रिंटरच्या खोबणीत सरळ खुपसला. असा बार उडाला की शेजारीण पोळपाट हातात घेऊनच दारात आली. ट्रान्झिस्टरचं डोकं उडून भिंतीला लागलं होतं आणि संगणकाची ती खोबण कायमची मेली होती. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने हिंदीत एवढंच विचारलं, "मध्ये ऑप्टो नाही घातला?" ऑप्टो म्हणजे इशारा प्रकाशातून पलीकडे पोचवणारा, पण वीज अलीकडेच अडवणारा नखाएवढा तुकडा. तो घालायला मी विसरलो होतो. मी, ज्याने कारखान्यात रोज दुसऱ्यांच्या अशाच चुकांवर तोंड सोडलं होतं. बसथांब्यावर उभं राहूनही माझे कान तापलेले होते.

तयार बोर्ड घेतला, संगणकाला नवं कार्ड बसवलं, आणि प्रश्न राहिला प्रोग्रामचा. विंडोजवर चालवून पाहिलं तर मध्येच त्याला दुसरं काहीतरी आठवे आणि मोटर अडखळे. तेव्हा विंडोजच्या आधीचं साधं डॉसच बरं. सायबर कॅफेतून दोन प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवून आणले. पहिला कचेरीतल्या कारकुनासारखा होता. फाइल नीट वाचली का, सुरू करू का, खात्री आहे का. आणि जरा कुठे खुट्ट झालं की लाल ओळ दाखवून संपच. दुसऱ्याला फाइलीचं नाव सांगायचं, एंटर दाबायचं, की निघाला. मी दुसरा निवडला. मामा एकटे असताना इंग्रजी प्रश्नांची उत्तरं कुठे देत बसणार, असा माझा विचार. त्या वेळी कुणी हरकत घेतली असती तर मी तासभर भांडलो असतो.

अक्षरं मात्र मला मामांचीच हवी होती. त्यांनी आमच्या घरच्या तांब्या-पातेल्यांवर पूर्वी घातलेल्या नावांवर मी बटर पेपर ठेवून पेन्सिल घासली, ठिपके आलेखाच्या कागदावर मोजले आणि एकेक अक्षर संगणकात भरलं. हत्यार म्हणून त्यांच्याच एका जुन्या छिन्नीचं टोक कापून बसवलं. माझं घर तेव्हा मारतहळ्ळीला, एक शेजारीण सोडली तर आजूबाजूला मोकळी शेतं, त्यामुळे मागच्या पडवीतल्या टकटकीची तक्रार कुणी केली नाही.

पहिलं काम आलं ते वर्षश्राद्धाचं. एका मराठी कुटुंबाला वडिलांच्या नावाने ताटल्या वाटायच्या होत्या. 'कै.', मग नाव, मग 'यांच्या स्मरणार्थ'. पहिली ताटली निघाली तेव्हा मामांनी ती उजेडात धरली आणि दचकून माझ्याकडे बघितलं.

"हे तर माझंच 'म'," ते म्हणाले. "दहा वर्षांपूर्वीचं."

मालक खूश झाला. लगेच त्याने दुसरं काम दिलं: एकावन्न ताटल्या, तेवढ्याच आकाराच्या, एका मुलीच्या लग्नाच्या. "हे नीट झालं तर अण्णा, ही पायरी तुमचीच," तो म्हणाला. लग्न चार दिवसांवर होतं.

शनिवारी मामा सकाळीच ताटल्यांचं पोतं घेऊन बसने आले. मला अर्धा दिवस कारखान्यात जायचं होतं. मी नवी फ्लॉपी घातली, लग्नाच्या फाइलीचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं. छिन्नी टकटकू लागली. "मामा, एक झाली की दुसरी ठेवायची आणि हे बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. हे चुकत नाही." एवढं सांगून मी बस पकडायला पळालो. पहिली ओळसुद्धा पुरी होऊ दिली नाही.

दीड वाजता परत आलो. मामा पडवीत भिंतीला टेकून बसले होते, शेजारी अठरा ताटल्यांची चळत. मी वरची उचलून वाचली. 'कै.' होतं तिथे. वर्षश्राद्धाच्या त्या वडिलांचं नाव होतं, आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. दुसरी उचलली, तिसरी, अगदी तळातली. अठराच्या अठरा. लग्नाच्या ताटल्यांवर!

नवी फ्लॉपी संगणकाला वाचताच आली नव्हती, हे मला नंतर कळलं. पहिला प्रोग्राम असता तर लाल ओळ दाखवून अडून बसला असता. माझ्या लाडक्याने काही न विचारता संगणकात उरलेली आधीचीच फाइल चालवली होती. पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही. मी मामांवर ओरडलो. स्वतःच्या मामांवर, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर, गळ्याच्या शिरा ताणून.

"डोळे कुठे होते तुमचे? दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की," मामा म्हणाले.

"मग?"

"पहिल्याच ताटलीला दिसलं. अंगठा फिरवून बघितला, अंगठापण तेच सांगत होता." ते जमिनीकडे बघत होते. "म्हटलं, हात गेला, आता डोळंपण गेलं. ताटलीवर बरोबरच असणार, मला भलतंच दिसूलाय. तू एवढा शिकलेला, सांगून गेलास की चुकत न्हाई."

मी हातातली ताटली खाली ठेवली. सकाळपासून हा माणूस एकटा बसून, एकेक ताटली बदलत, आपण आंधळे झालो असं मनाशी धरून होता. एकेका ताटलीला पाव तास लागे.

"खरंच तसंच लिहिलंय काय रे?" त्यांनी विचारलं. "कैलासवासी?"

"हो, मामा. तसंच लिहिलंय."

त्यांचा चेहरा उजळला. इतका, की मी घाबरलो. अठरा ताटल्या वाया गेल्या होत्या, अपशकुन झाला होता, पायरी हातची जात होती, आणि मामा डोळे पुसत हसत होते. "मग झालं की! डोळं शाबूत हाईत माझं."

संध्याकाळच्या आत आम्ही दुकानात पोचलो. मालकाने एक ताटली वाचून घेतली आणि ती पालथी घालून ठेवली. चूक माझी, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर मामांनी थरथरत्या हाताने माझं मनगट दाबलं. "मी बघितलं होतं आणि बोललो न्हाई," ते मालकाला म्हणाले. "चूक माझी. पोराचं मशीन चांगलं हाय." मालक रागावला नाही, उलट त्याचा आवाज खाली आला. पण त्याने पलीकडच्या गल्लीत माणूस धाडला, आणि विजेच्या पेनवाला पेटी घेऊनच आला.

मामांनी पायरीवरचं आपलं गोणपाट उचललं, छिन्नी-हातोडी त्यात गुंडाळून माझ्याकडे दिली आणि मागे न बघता चालू लागले. शरमेने माझी मान वर होत नव्हती. चार दुकानं गेल्यावर ते थांबले, समोरच्या साड्यांच्या दुकानाची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली, आणि वळून विचारलं, "बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर." मग पुढची वाचली, मग लांबची, बारीक अक्षरांतली, कन्नडमधली. गल्ली संपेपर्यंत ते पाट्या वाचत पुढे चालले होते, आणि मी ते गाठोडं छातीशी धरून मागून बरोबर, बरोबर म्हणत होतो.