अनंताला मारलेली हाक

देव आहे की नाही यावर वाद घालायला मला कधी फुरसत मिळाली नाही. सासरच्या रिवाजाप्रमाणे भाद्रपदात अनंताची पूजा मांडायची, चौदा गाठींचा दोरा पुढे ठेवायचा आणि मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करायचा, इतकीच माझी भक्ती. सासऱ्यांचं नावही अनंतच. पूजेच्या दिवशी ते हसून म्हणायचे, नाव एक आणि मालक किती बघ. ज्याला अंत नाही तो विष्णू अनंत, तो ज्याच्यावर निजतो तो शेष अनंत, कुंडीतलं पांढरं सुवासिक फूल अनंत, आणि रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीत तर घरटी एक अनंत.

त्यांचीच तरी किती नावं. ऑफिसात अनंतराव, शाळासोबत्यांचा अंत्या, आईचा अनंता आणि आम्हा सगळ्यांचे आबा. दोन वर्षांपूर्वी विसरण्याचा आजार जडला आणि ही नावं एकेक करून गळू लागली. ‘आबा’ म्हटलं की मी दुसऱ्याच कुणाला बोलावतेय असं ते बघायचे. पुढे ‘अनंतराव’ हे नावही गळलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकटं सोडू नका. त्या दुपारी मी गच्चीवरचे कपडे काढायला गेले आणि बाहेरून कडी लावायला विसरले. खाली आले तर दार उघडं, आबांच्या चपला नाहीत.

नवरा अंधेरीला ऑफिसात. त्याला फोन केला आणि तशीच धावत सुटले. आम्ही राहतो त्या भाईंदरच्या रिक्षा स्टँडवर मोडक्या हिंदीत एकेकाला विचारत होते. एक रिक्षावाला म्हणाला, सफेद सदऱ्यातले बाबा मुर्धा गावाच्या रस्त्याने चालत जाताना दिसले, बसा. रिक्षात मी देवाला काय काय बोलले ते लिहायला लाज वाटते. तो नवस नव्हता, सरळ भांडण होतं. वीस वर्षं तुझा दोरा पुजतेय, म्हटलं, आणि तुला एका म्हाताऱ्या माणसावर लक्ष ठेवता येऊ नये? चूक माझी होती हे मला ठाऊक होतं, म्हणूनच आवाज चढला होता.

मुर्ध्याच्या मागे जुनी मिठागरं आहेत. तिथल्या बांधावर ते दिसले. बांध अरुंद, दोन्हीकडे चिखल, भरतीचं पाणी चढत होतं आणि ते खाडीच्या दिशेने शांतपणे चालले होते. मी ‘आबा, आबा’ ओरडत राहिले, पण मान वळेना. मागे धावले तर पाय घसरून गुडघाभर चिखलात रुतले.

जवळच सुकट वाळवत बसलेल्या एका म्हातारीने मला हात देऊन बाहेर ओढलं. म्हणाली, नाव काय त्याचं, नावानं हाक मार. सांगितलं तर हसाल, पण सासऱ्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. फॉर्मवर शंभरदा लिहिलं असेल, तरी जीव टांगणीला लागलेला असतानाही जीभ वळेना. शेवटी कसंबसं पुटपुटले, “अनंत.”

मग तोंडाभोवती हात धरून तिने हाक दिली, “अनंताऽ! चल रं बाला, जेवाला चल!”

आबा थांबले. वळले. “आलो गं आई,” म्हणाले आणि गेले त्याच वाटेने जपून पावलं टाकत परत येऊ लागले.

त्यांना धरून मी खूप रडले. म्हातारीने आम्हाला पाणी दिलं. अशी हाक तुम्हाला कशी सुचली, असं मी विचारलं.

“माझा लेक बी अनंताच हाय,” ती म्हणाली. “होडी घेऊन गेला त्याला लई वर्सं झाली, परत आला न्हाय. रोज हितं उभी राहून हाक मारते.” मग आबांच्या हातावरचा चिखल पदराने पुसत म्हणाली, “आज ओ आली.”

माझं सगळं भांडण तिथेच संपलं. इतकी वर्षं उत्तर नसताना ती हाक मारत राहिली होती, आणि माझा धीर एका दुपारीच सुटला होता. आता दर रविवारी आबांना घेऊन मी तिच्याकडे जाते. ती हाक मारते, ते ओ देतात, दोघं जेवायला बसतात. मला तिथे काही करायचं नसतं. मी वाढते आणि ज्याच्याशी भांडले होते त्याचे मनातल्या मनात उपकार मानते.