वारं लागू नये म्हणून

माझं माहेर सांगलीचं. तिथली थंडी म्हणजे सकाळी नदीवरून येणारा गारवा. अंगावर शाल घ्यावी आणि ऊन चढलं की ती कुठे टाकली तेही विसरून जावं. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा कळलं की थंडी घरात मुक्कामालाही येते. आमचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं, मागं परसू. डोंगरावरून उतरलेला वारा आधी आमच्या कौलांत शिरायचा आणि मग बाकीच्या गावाकडं वळायचा, अशी माझी तेव्हाची तक्रार होती.

सासूबाईंचं आणि या वाऱ्याचं जुनं वैर होतं. त्यांचा पहिला मुलगा ऐन थंडीत, बाळंतिणीच्या खोलीतच गेला होता. वारं लागलं, असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं आणि त्यांनीही ते मनात बांधून ठेवलं. पुढं माझे यजमान जन्मले. त्यांना मोठं होईपर्यंत सासूबाईंनी कानटोपीशिवाय अंगणात जाऊ दिलं नाही. तोच मुलगा फौजेत गेला आणि लढाई पेटल्यावर समुद्रापलीकडं गेला, तेव्हाही त्यांना काळजी गोळीची नव्हती, तिकडच्या थंडीची होती. मी हसायचे. तोंडावर नाही, अर्थात.

माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं, आणि तेही नेमकं मार्गशीर्षात. मुलगी झाली. त्याच दिवसापासून सासूबाईंनी खोली ताब्यात घेतली. दाराला आतून गोधडी टांगली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, माझे कान फडक्यानं इतके घट्ट बांधले की त्यांच्या निम्म्या सूचना मला ऐकूच यायच्या नाहीत.

फटी शोधायची त्यांची रीत मात्र बघण्यासारखी होती. सकाळी बाळाला न्हाऊ घालून ओव्याची धुरी दिली की तेच धुपाटणं घेऊन त्या भिंतीभिंतीनं फिरायच्या. धूर सरळ वर गेला तर ठीक. कुठे वाकडा झाला की तिथं फट. मग चिंध्या कोंबायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. चिंध्या संपल्या तेव्हा त्यांनी मुलाच्या ट्रंकेतून त्याच्या जुन्या लष्करी पट्ट्या काढल्या, पायाला गुंडाळायच्या, खाकी लोकरीच्या. "त्याच्या लेकीसाठीच हाय," म्हणाल्या आणि टराटरा फाडल्या. नवरा लढाईवर आणि त्याच्या पायातल्या पट्ट्या आमच्या भिंतीत. मला हसूही आलं आणि रडूही.

थोड्या दिवसांत माझं डोकं दुखायला लागलं. कपाळात ठणका, पोटात मळमळ. सासूबाईंनी लगेच निदान केलं.

"वारं शिरलंय डोक्यात. अजून कुटनं तरी येतंय बघ."

मग पुन्हा धुपाटणं, पुन्हा शेणमाती. खोली जितकी बुजत गेली तितकं माझं डोकं दुखत गेलं, आणि डोकं दुखलं की त्या आणखी बुजवायच्या. मुलगी दिवसभर झोपून असायची. शेजारच्या बाई म्हणाल्या, लय गुणाची पोर हाय, रडत सुदिक न्हाई. आम्हा दोघींना बरं वाटलं. बंद खोलीत निखारे ठेवले तर हवा विषारी होते, हे आज शाळेतली पोरंही सांगतील. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटची फट राहिली होती खिडकीच्या चौकटीखाली, माझ्या उशाशी. तिथून येणारी झुळूक मला फार बरी वाटायची. पण बाळंतिणीला वारा बरा वाटतो असं म्हणायची सोय नव्हती. एका सकाळी धूर तिकडं वळला आणि सासूबाईंना फट सापडली. उरलेली पट्टी त्यांनी बोटानं आत दाबली, लिंपून घेतलं, शेगडीत निखाऱ्यांची भर घातली आणि गोधडी सारखी करून त्या परसात दुपटी धुवायला गेल्या.

मुलीला पाजायला घेतलं. ती ओढेना. गालावर टिचकी मारली, तळपाय चोळले, तरी डोळे उघडेना. हाक मारायला तोंड उघडलं तर जीभ जड. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. हात लांबवून तांब्या तेवढा खाली पाडला.

सासूबाई ओल्या हातांनी आत आल्या. पोरीला उचललं तर तिची मान पिळलेल्या फडक्यासारखी लोंबत होती. आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांनी जन्मात कोणाला करू दिलं नसतं. पोरीचं दुपटं बाजूला पडलं तरी न थांबता त्या तशाच परसात धावल्या, उघड्या वाऱ्यात. मी भिंत धरून, रांगत उंबऱ्यापर्यंत आले. डोंगरावरचा वारा अंगाला झोंबत होता. त्या पोरीला वाऱ्यापुढं धरून उभ्या होत्या आणि "रड गं, रड माझे बाय," एवढंच म्हणत होत्या.

पोरगी आधी शिंकली. मग रडली. इतकी रडली की शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या. आयुष्यात मला एवढं गोड काही ऐकू आलेलं नाही.

सासूबाईंनी तिला पदरात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. मग खुरपं घेऊन आत गेल्या आणि माझ्या उशाची फट उकरून मोकळी केली. शेगडी उचलून परसात आणून उपडी केली. हे सगळं झाल्यावर माझ्याजवळ उंबऱ्यावर बसल्या. विझत्या निखाऱ्यांकडं बघत होत्या.

"माजा बी असाच गप पडला हुता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वारं लागलं. म्या दार आनखी घट्ट लावून घेतलं. निखारं वाढवलं."

माझी मुलगी मांडीवर हातपाय झाडत होती आणि ती वाचली तेव्हाच या बाईला आपला पहिला मुलगा कशानं गेला ते कळलं होतं.

"आवं आत्याबाई, तवा वारंच असंल," मी म्हणाले. "थंडी लय पडली असंल तवा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं.

"दर थंडीला येकदा म्हनत जा मला तसं," त्या म्हणाल्या.

त्या पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. कार्तिक सरत आला की आम्ही दोघी चिंध्या आणि शेणमाती घेऊन बसायचो. धूर फिरवायचा, फटी बुजवायच्या, चौकटीखालची ती एक सोडून. तिच्याजवळ आलो की त्या थांबायच्या, फटीशी तळहात धरायच्या. माझ्याकडं बघायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या.

"आत्याबाई, तवा वारंच असंल," मी म्हणायचे.

"व्हय," त्या म्हणायच्या, आणि हात काढून पुढच्या फटीकडं सरकायच्या.