कोपरापर्यंत हात

नगरच्या फूलबाजारात तेव्हा फुलं प्लॅस्टिकच्या क्रेटमधून येत नसत. आसपासच्या गावांतले शेतकरी जुन्या लुगड्यांत शेवंती बांधून आणत. वरची फुलं सगळ्यांचीच टवटवीत असतात; त्यांवर विश्वास ठेवणारा या धंद्यात चार दिवस टिकत नाही. दंवाने ओली फुलं दाबून बांधली की बोचकं आतून तापतं, आणि तापलेली शेवंती दुपारपर्यंत काळी पडते. म्हणून माझी आई बोचक्यात कोपरापर्यंत हात खुपसायची, डोळे मिटायची आणि 'गार हाय, घे' किंवा 'तापलंय, ऱ्हाऊ दे' म्हणायची. नेवाशाकडचे मुरलेले शेतकरीसुद्धा तिच्यापुढे जरा दबून असत.

वडील गेल्यावर आमचं हारफुलांचं दुकान आम्ही दोघींनीच चालवलं. हार बांधायचे मी, गिऱ्हाइकांशी भांडायचे मी, पण माल घ्यायचा तो तिनेच. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. तेव्हाही होता.

एकदा कर्जतच्या एका लग्नाची ऑर्डर होती. आईने एकाच शेतकऱ्याकडची चार बोचकी निवडली, चारही वेळा 'गार हाय' म्हणाली. दुकानासमोर पहिलं सोडलं तर आतून वाफ आली. बाकीचीही तशीच. नवरीचा मामा टेम्पो घेऊन दारात उभा. माझं तोंड सुटलं.

"डोळे मिटून तिथं झोपा काढतेस का? कळत नसेल तर घरी बस ना!"

भर बाजारात, शेजारचे दुकानदार ऐकत असताना. आई नुसती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाय दुखतात म्हणून ती माल घ्यायला आली नाही. नंतर कधीच आली नाही. दुकानात मागच्या बाजूला बसून हार ओवायची. मला, खरं सांगते, हायसं वाटलं होतं. त्याची आज लाज वाटते.

दोनेक महिन्यांनी ती निशिगंधाचा हार ओवत होती. पांढऱ्या फुलांवर लाल ठिपके दिसले म्हणून मी पुन्हा ओरडायला गेले. बघते तर सुई तिच्या बोटात रुतलेली, आणि ही माझ्याशी संध्याकाळच्या भाजीचं बोलतेय. तिला पत्ताच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, हातांतली जाणीव गेली आहे. घरी येताना रिक्षात मी विचारलं, कधीपासून?

"लई दिवस झाले."

"मग माल कसा निवडायचीस?"

"डोळं मिटल्यागत करायची अन् देनाऱ्याच्या तोंडाकडं बघायची. तापलेलं असलं की मानूस नजर चुकवतो. त्या दिशीचा मानूस नवा हुता. त्यालाच ठाव नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला बाजारात येऊ दिलं असतं व्हय?"

येऊ दिलं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं. माफी मागायची तर तेव्हाच मागायला हवी होती. मी रिक्षावाल्याला रस्ता सांगत बसले. पुढे विषय निघाला नाही.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. आता राहिलेत थोडेच दिवस, हे दिसत होतं. मी ओळखीच्या एका शेतकऱ्याला सांगून शेवंती मुद्दाम लुगड्यात बांधून आणायला लावली. बोचकं घरी आल्यावर आधी मीच हात घातला. वाटेत ते तापलं होतं. तरी तसंच तिच्या खाटेजवळ ठेवलं आणि तिचा हात धरून कोपरापर्यंत आत नेला.

तिने डोळे मिटले. पूर्ण नाही. पापण्यांच्या फटीतून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नजर चुकवली नाही.

"गार हाय," ती म्हणाली. "घे."

आतली फुलं माझ्या मनगटाला चटके देत होती.

"घेते, आई."

त्या दिवशी बाजारातही, चार माणसांसमोर, मला एवढंच म्हणता आलं असतं.