वहीच्या माथ्यावरची ओळ

माझा धाकटा भाऊ चष्मे करायचा. भिंगांवर वाकून वाकून मान पुढे आलेली, म्हणून घरात आम्ही त्याला बगळा म्हणायचो. दुकान एवढंसं, पण कुणाच्या नाकावर काय शोभेल ते माणूस दारातून आत येईपर्यंत हा ठरवून मोकळा.

त्याच्याकडे एक जाड वही होती. गिऱ्हाईक तीत आपल्या हातानं नाव आणि ईमेलचा पत्ता लिही. दर पानाच्या माथ्यावर बगळ्याचं अक्षर: 'फक्त चष्मा तयार झाल्याचं कळवण्यासाठी.'

त्याचा मुलगा दुकानात बसू लागला, तसं त्यानं वहीतले सगळे पत्ते कॉम्प्युटरात घातले. दर सोमवारी सगळ्यांना जाहिरात जाऊ लागली. बगळ्याला वाटलं, बरं आहे, पोरगं काहीतरी करतंय. मला ईमेलमधलं एवढंच ठाऊक, की पत्र येतं आणि कडी वाजत नाही.

मग सरकारी नोटीस आली. एका शाळेतल्या बाईंनी तक्रार केली होती. नवरा जाऊन चार महिने झालेले, आणि दर सोमवारी त्याच्या नावानं येई, 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत!' बाईंनी तीनदा 'बंद करा' म्हणून लिहिलं. ती उत्तरं कुणी उघडतच नव्हतं. विचारल्यावाचून जाहिरात पाठवायची नाही, नको म्हटलं की थांबवायची, असा कायदा आहे म्हणे.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "पत्ते लोकांनीच लिहून दिलेत, तीच परवानगी असं सांगू. वही कोण बघतंय? आत्या, तू तरी सांग बाबांना."

मी काय सांगणार? जन्मात कधी ऐकलंय त्यानं माझं?

बगळ्यानं ताट बाजूला सारलं. "मी बघितलीय ना वही," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून तो नोटीस पाठवणाऱ्या कचेरीत गेला. साहेबांपुढे पान उघडलं, माथ्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि चूक लिहून दिली. दंड झाला.

तिथून बाईंच्या घरी. एकट्याला धीर होईना, म्हणून वाटेत घरून मला बरोबर घेतलं. माफी मागून त्यानं वही उघडली, नवऱ्याचं नाव खोडायला पेन काढलं.

बाईंनी पानावर हात ठेवला. नवऱ्याच्या हातचं ते अक्षर बघत राहिल्या.

"खोडू नका," म्हणाल्या. "हे राहू दे. फक्त पाठवू नका."

परतल्यावर बगळा थेट दुकानात शिरला, मुलाला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि वहीतलं एकेक नाव मोठ्यानं वाचू लागला. मुलगा एकेक पत्ता पुसत गेला.