सहाशे बारा काचा

"राहू दे, भाऊ. कामात येईल."

हे म्हणताना त्या मान वर करत नसत. उजवा हात मायक्रोटोमच्या चाकावर असायचा, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वर यायची. मी कचऱ्याच्या डब्याकडे नेत असलेली काचपट्टी तिथेच थांबायची.

"कोण्या कामात येईल, दीदी?"

"आता मले का माईत? काम आल्यावर समजन."

या उत्तरावर काय बोलावं, हे मला एकोणीस वर्षांत सुचलं नाही. तुम्हांला सुचतं का पाहा.

आमची लॅब भिलाईत, पावर हाउसच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे बाटलीत येतो. तो मेणाच्या वडीत बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या वडीचे केसाहून पातळ काप घ्यायचे, कोमट पाण्यावर पसरायचे, काचपट्टीवर उचलायचे, रंगवायचे. मग आमचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रिपोर्ट लिहितात. दीदी तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ, मी त्यांच्या हाताखालचा. सामानाची नोंदवहीही माझ्याकडे. म्हणूनच त्यांचा त्रास मला इतरांपेक्षा जास्त झाला.

प्रत्येक काप चांगला निघत नाही. कधी सुरकुती पडते, कधी भोक, कधी मधूनच फाटतो. असा बिघडलेला काप कोणीही कागदानं पाण्यावरून टिपून टाकून देतो. दीदी तो नव्या कोऱ्या काचेवर उचलायच्या, पेन्सिलनं नंबर टाकायच्या, वाळवायच्या आणि न रंगवताच मिठाईच्या रिकाम्या डब्यात उभा करून ठेवायच्या. वरच्या फळीवर असे डबे एकावर एक चढलेले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, इथे रोज कोणाचा तरी वाढदिवस असतो.

एकदा मी महिनाभर मोजलं. पन्नास काचांच्या एका खोक्यातल्या सरासरी एकतीस रुग्णांच्या कामी येत, एकोणीस दीदींच्या डब्यात जात.

"दीदी, पन्नासात एकोणीस!"

"बरं."

"बरं का? एकोणीस होऊन राहिल्या!"

"मंग वीस कर. तुले हिशोब सोपा जाईल."

लॅबमध्ये मराठी आम्हा दोघांचीच. त्यांचं माहेर गोंदियाकडचं, माझे वडील भंडाऱ्याहून इथल्या पोलाद कारखान्यात लागलेले. सगळं काम हिंदीत चालायचं, भांडण तेवढं मराठीत. आमची रिसेप्शनवरची मुलगी एकदा काळजीनं मला बाजूला घेऊन म्हणाली, "भैया, दीदी के घर में सब ठीक है ना? रोज़ आपसे कुछ दुखड़ा रोती हैं."

दुखणं माझं होतं.

काप बिघडायला लागले की आमचं खरं वाजायचं. भिलाईच्या मे महिन्यात मेण हट्टाला पेटतं. एसी बंद पडला की वडी मऊ पडते आणि काप चुरगळून एकमेकांवर चढतात. मी त्यासाठी एक तक्ता केला होता. डावीकडे दोष, मधे कारण, उजवीकडे उपाय. पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निकाल लिहायचा, मग पुढची. तक्ता प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खिळ्याला दीदींची पिशवी लटकत होती.

त्यांची पद्धत म्हणजे सगळं एकदम. पातं बदल, पात्याचा कोन बदल, वडी बर्फावर ठेव, पाणी थोडं थंड कर आणि चाक हळू फिरव. काप नीट निघायचा.

"पण कशानं झालं, दीदी?"

"झालं ना?"

"हो, पण कशानं?"

"तू बापा झालेल्या कामाच्या मागं लागतं. न झालेलं तिकडं पडलं आहे, ते पाह्य."

घरी गेल्यावर मी हे बायकोला सांगायचो. ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "तुमची अन् त्यांची बदली एका खोलीत कोणी केली, त्याचा सत्कार केला पाहिजे."

अशाच एका मेमध्ये कॅम्प-१ वस्तीतल्या एका ऑटोचालकाची बाटली आली. चाळिशीतला माणूस. छातीत गाठ दिसलेली. रायपूरला बरगड्यांमधून सुई घालून तीन तुकडे काढले होते, तिन्ही शेवईसारखे, बोटाच्या पेरापेक्षा आखूड. त्या आठवड्यात दिवसातून तीनदा वीज जायची, त्यामुळे तुकडे मेणात नीट मुरले नव्हते. पहिलेच काप चुरगळले.

दीदी म्हणाल्या, "दे इकडं."

मी म्हणालो, "आज मी पाह्यतो." आणि तक्त्याप्रमाणे गेलो. आधी पातं, मग कोन, मग बर्फ. दर खेपेला चार-पाच काप बिघडले. सहाव्या ओळीला काप सपाट निघाला. दोन सुरेख काचा झाल्या. मी तक्त्यावर बरोबरची खूण केली. फार बरं वाटलं.

दीदी शेजारी उभ्या राहून माझे सगळे बिघडलेले काप उचलत होत्या. तेवीस काचा. मी मनात नोंदवहीतून तेवीस वजा केले.

पुढच्या आठवड्यात त्या भाच्याच्या लग्नाला गोंदियाला गेल्या आणि नेमकी लॅबच्या तपासणीची तारीख आली. डॉक्टरांनी सांगितलं, नोंद नसलेली एकही वस्तू दिसता कामा नये. त्यांनी अर्थातच जुन्या बाटल्या म्हटलं होतं. मी फळीकडे पाहिलं. नऊ डबे होते. मी स्टूल घेतलं, डबे उतरवले, काचा मोजल्या. सहाशे बारा. जैविक कचऱ्याची गाडी दुपारी येते, तिच्यात रवाना केल्या. फळी पुसली. नोंदवहीत लिहिलं: जुन्या निरुपयोगी काचा, सहाशे बारा, नष्ट. तपासणी उत्तम झाली.

दीदी परत आल्या. पिशवी लटकवली, फळीकडे पाहिलं. मी भांडणाच्या तयारीनं उभा होतो.

"मोजल्या होत्या?"

"हो. सहाशे बारा."

"कोनाच्या कोनाच्या होत्या, ते लिहून ठेवलं?"

ते मी लिहिलं नव्हतं. आकडा बरोबर होता, नावं नव्हती. त्यांनी मान हलवली आणि चाकाशी बसल्या. भांडल्या असत्या तर मला झोप लागली असती.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी हाक मारली. ऑटोचालकाच्या काचा त्यांच्यासमोर होत्या. क्षयरोग की कॅन्सर, दोन काचांवरून सांगता येत नव्हतं. वेगळ्या रंगांनी रंगवायला आणखी दहा-बारा काप हवे होते. मी वडी आणली. वडीत नुसतं मेण उरलं होतं. तुकडे तक्त्याच्या सहा ओळींत संपले होते.

डॉक्टर सहज म्हणाले, "कोई बात नहीं. दीदी, आपके डिब्बे में तो होंगे."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. डब्यांना आजवर कोणी हात का लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"नहीं हैं, सर," दीदी म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता मराठीत सांगितलं, "तू चूप राह्य."

बाहेर आल्यावर मी चिडलो. इतकी वर्षं मी प्रत्येक वस्तू ज्याच्या त्याच्या नावावर लिहिली, आणि स्वतःची चूक स्वतःच्या नावावर लिहायची सोय या बाईंनी ठेवली नाही.

"कावून चूप राहू? मी फेकल्या."

"सरले सांगून का होते? तुले दोन शब्द बोलतीन, तुले मोकळं वाटन. ज्याले सुई टोचाची आहे त्याले सांग."

संध्याकाळी आम्ही कॅम्प-१ ला गेलो. वाटेत त्यांनी एकच सूचना केली, "तिथं आकडे नको सांगू."

ऑटो गल्लीच्या तोंडाशी उभी होती, वर ताडपत्री बांधलेली. तो खाटेवर बसला होता. दोन वाक्यांत दम लागत होता. बायकोनं पाणी आणलं. दीदींनी सरळ सांगितलं, "भैया, हमारी लैब से गलती हुई है. सुई फिर से लगानी पड़ेगी."

"नहीं," तो म्हणाला. "पिछली बार लगा किसी ने छाती में कील ठोक दी. जो है सो है. अब नहीं."

"बिना जाने दवा कौन सी देंगे?" दीदींनी विचारलं.

"मत दो."

बायको दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला.

मी म्हणालो, "वो काँच की पट्टियाँ मैंने फेंकीं. दीदी ने सँभालकर रखी थीं. दीदी छुट्टी पर थीं. आपकी तेईस थीं."

दीदींनी कपाळाला हात लावला.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "गिनी थीं?"

"हाँ."

"तो रख भी लेते."

मग तो दीदींना म्हणाला, "आप चलोगी साथ में?"

"चलूँगी."

त्या दोन दिवसांची रजा टाकून त्याच्याबरोबर रायपूरला गेल्या आणि परतताना बाटली मांडीवर घेऊन लोकलमध्ये बसल्या. पण सुईनं या वेळी फुप्फुसातून हवा सुटली. असं होऊ शकतं, हे त्याला आधी सांगितलेलं होतं. त्याच्या छातीत नळी घालावी लागली. सहा दिवस. हे सहा दिवस मी कुठल्या वहीत लिहू, ते मला अजून कळलेलं नाही.

तुकडे मेणात बसले. दीदींनी वडी बर्फावरून काढून माझ्या हातात दिली.

"काप."

"मी नाई. तुमी कापा."

"तूच काप. भेतं कावून? चाक जड आहे, तेच हाताले सांभाळन."

मी बसलो. तक्त्याकडे पाहिलं नाही. त्या मागे उभ्या राहून एकदम सगळं सांगत होत्या, "पातं नवं लाव, फुंकर मार, हळू, हळू म्हटलं ना, बैल हाकून राहिला का?" पहिला काप फाटला, तो त्यांनी उचलला. दुसऱ्याला सुरकुती, तोही. पुढचे सपाट निघाले. एकही काप पाण्यात राहिला नाही. मी प्रत्येक काचेवर नंबर टाकला आणि वहीत नंबरापुढे त्याचं पूर्ण नाव लिहिलं, एकतीस वेळा.

क्षयरोग निघाला. सहा महिन्यांची औषधं. दीदींनी ऐकलं, "बरं," म्हणाल्या आणि पुढची वडी लावली. मी कित्येक दिवस वाट पाहत होतो की त्या एकदा तरी म्हणतील, तुले सांगितलं होतं ना. त्यांनी म्हटलं नाही. माणसानं इतकंही छळू नये.

त्या दिवाळीनंतर गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडलं आणि नागपूरला मुलीकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी मी मोठं भाषण लिहून नेलं होतं. त्यांनी पहिल्या परिच्छेदातच समोशांकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "थंड होऊन राहिले."

डिसेंबरच्या शेवटी ऑटोचालक जिने चढून आला. न थांबता, दोन्ही मजले. औषधं संपली होती. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. त्याच्या डॉक्टरांनी कालच पाहिलं होतं, सगळं ठीक म्हणाले होते. त्याला ते दीदींना दाखवायचं होतं.

"दीदी तो नागपुर चली गईं," मी म्हणालो.

तो पाकीट धरून उभाच राहिला. मग मी त्याला गच्चीवर नेलं आणि दीदींना व्हिडिओ कॉल लावला. त्या स्वयंपाकघरात होत्या, हाताला पीठ.

"मले एक्स-रेतलं का समजते, भाऊ?" त्या मला म्हणाल्या. मग त्याला, "दिखाओ, भैया."

त्यानं एक्स-रे दोन्ही हातांनी उन्हात वर धरला. बरगड्यांमधून आभाळ दिसू लागलं.

"उल्टा है, भैया."

त्यानं फिरवला.

"अब ठीक. ज़रा ऊपर."

त्यानं हात आणखी वर नेले. दीदी पडद्याजवळ आल्या, त्यांचा चष्मा आणि कपाळ एवढंच दिसत होतं, आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. चेहरा तसाच थांबला.

तो एक्स-रे धरून उभा होता. "देख रही हैं क्या?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"हाँ," मी म्हणालो, आणि फोन तसाच त्याच्या दिशेनं धरून ठेवला.