काजळाची डबी आणि चार टोप्या

मी तापट माणूस. मोटार तापायला निदान चढ तरी लागतो, मला तोही लागत नसे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे बायकोवर का ओरडलो ते वेगळं सांगायला नको.

निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. परभणीत कापसाच्या जिनिंगवाल्या एका मालकांच्या मोटारीवर मी ड्रायव्हर होतो. मोटार इतकी धावलेली की मैलांचा काटा शेवटच्या आकड्यापर्यंत जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू झाला होता. मागून निळा धूर, आतून खडखड. तिला आजवर जगवणारे मिस्त्री हैदराबादला निघून गेले होते.

मालक म्हणाले, "आठ दिवसांत नीट झाली तर ठीक. न्हाई तर मोडीत घालतो, अन् तू आपल्या गावाकडं जा."

गावाकडे म्हणजे भावाच्या दारात. 'पुन्हा ही पायरी चढणार नाही' असं बजावून मी तिथून निघालो होतो. आता चार महिन्यांची मुलगी घेऊन कोणत्या तोंडाने जाणार? "खोलतो, मालक," म्हणालो. मिस्त्रींनी इंजिन उघडलेलं दोनदा लांबून पाहिलं होतं, तेवढंच माझं शिक्षण.

मोटारीच्या पत्र्याच्या शेडला लागूनच आमची खोली. बायकोने शेडच्या आडव्या लाकडाला मुलीची झोळी बांधली आणि मी इंजिन खोलत गेलो. चार पिस्टनचे चार दांडे खालच्या क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या कण्याला, धरून असतात. प्रत्येक दांड्याला खालून एक टोपी बोल्टांनी आवळलेली असते. वर्षानुवर्षं घासून घासून जी टोपी जिथली, ती तिथेच बसते. मी चारही टोप्या गोणपाटावर ओळीने मांडल्या आणि हैदराबादहून आलेल्या पिस्टनच्या रिंगा सोडवायला स्टेशनवर गेलो. जाता जाता बायकोला म्हणालो, "हे समदं घासून ठेव."

परत आलो तर चारही टोप्या रॉकेलने लखलखीत, वाट्यांसारख्या एकीत एक रचलेल्या.

"आता कोणती कुठली, कसं कळायचं?" मी एवढा ओरडलो की झोळीतली पोर रडायला लागली.

"तुमीच म्हनलाव की घासून ठेव म्हनून."

खरं होतं, म्हणून तर जास्तच राग आला. खुणा करून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. चूक माझी आणि बोल तिला.

तीन दिवस टोप्या अदलून बदलून पाहिल्या. आवळल्या की क्रँक हलेना, सैल सोडल्या की डगडग. शेवटी पाना फेकला आणि म्हणालो, "सामान बांध."

ती उठली नाही. म्हणाली, "कुटं घासायलंय ते दिसत न्हाई, हेच ना?"

"हो."

"आमच्या मायचं जातं बसत न्हवतं, तवा टाकी देनारीनं खालच्या दगडाला कोळसा चोळला हुता. फिरवलं की वरच्या दगडाला जितं काळं लागलं, तितंच तिनं छिन्नीनं टाकी मारली."

ती आत गेली, मुलीची काजळाची डबी घेऊन आली, काजळात एरंडेलाचा थेंब टाकला आणि बोटाने क्रँकला पातळ लेप दिला. टोपी आवळायची, जोर लावून जराशी हलवायची, काढून पाहायची. परकी टोपी कडेला एक रेघ घेऊन येई. आपली असली की आत सगळीकडे काळी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चारही टोप्या आपापल्या घरी गेल्या. जिथे काळं जास्त, तिथे मी हलक्या हाताने खरवडलं. डबी संपली. त्या आठवड्यात पोरीच्या डोळ्यांत काजळ नव्हतं.

आठव्या दिवशी हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं आणि खडखड नव्हती. मला रडू आलं, लपवत नाही.

मालक आले, कान देऊन उभे राहिले. "वा! कुनी जुळवलं रे हे?"

"म्या, मालक."

बायको झोळीपाशी उभी होती. तिने काळे हात पदराखाली घेतले. ते मी पाहिलं आणि मालकांना बसवून पिंगळी स्टेशनपर्यंत चक्कर मारायला निघून गेलो. परत आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, गावाकडं जायाचं टळलं."

त्या मोटारीने आम्हाला कित्येक वर्षं खाऊ घातलं. पुढे लोक मला उस्ताद म्हणायला लागले, लांबून इंजिनं खोलायला बोलावू लागले. मी खिशातून काजळाची डबी काढली की बघणारे म्हणत, काय डोकं आहे! मी मान डोलवायचो. डबी रिकामी झाली की बायको न सांगता भरून ठेवायची. तिचे उपकार मी जन्मभर खिशात घेऊन हिंडलो, तोंडाने एकदाही बोललो नाही.

निजामाचं राज्य गेलं, मालक गेले, मोटार गेली. यंदा तीही गेली. मला काम सोडून किती वर्षं झाली, पण परवा तिच्या पेटीत डबी सापडली. भरलेली होती.

तिनं केलं, मालक. म्या नुसते बोल्ट आवळले.